नुसते ‘स्ट्राँग’ पुरेसे नाही

बिअर हा अग्रलेखाचा विषय आहे काय, असे काही वाचक आम्हांस विचारतील. मद्यपानाची भलावण करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु जी वस्तू गोव्यात राजरोस विकली जाते व जिच्या करातून सरकारी तिजोरीत भर पडते, ती घेणाऱ्याला आपण काय घेत आहोत हे कळावे, एवढे तरी सर्वांस मान्य व्हावे. काजूच्या हंगामात आमच्या खेड्यांतला निरक्षर माणूसही हुर्राक आणि फेणी यांत गल्लत करीत नाही. पहिल्या धारेची ती हुर्राक, पुन्हा भट्टीवर चढविली की फेणी. आणि तिची ताकद किती ग्राव, हेही तो विचारून घेतो. हाच गोवेकर बिअरच्या बाबतीत मात्र ‘स्ट्राँग’ या एका शब्दावर समाधान मानतो!

आपल्या देशात ‘स्ट्राँग’ म्हणजे पाच टक्क्यांहून अधिक व आठ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर. ती बहुतेक सारी लागर जातीची, म्हणजे थंडाव्यात संथपणे आंबवलेली. अलीकडे मात्र गोव्यातील छोट्या ब्रुअऱ्या एल जातीच्या बिअरही काढू लागल्या आहेत. एल उबदार हवेत आंबते आणि यीस्टचा स्वाद तिच्यात उतरतो. रंगाने फिकट व अंगाने कडक अशा एलचे निदान चार प्रकार आहेत. पेल्यात ते सोनेरी वा तांबूस, एकमेकांसारखेच दिसतात. पिणाऱ्याची फसगत होते ती येथेच.

पहिला प्रकार आपल्या देशाचे नाव घेऊन मिरवणारा, इंडिया पेल एल. लंडनच्या पूर्वेस बो येथे हॉजसन यांची ब्रुअरी होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे तेथून जवळच नांगरत आणि हॉजसन कप्तानांना दीर्घ मुदतीची उधारी देत. १८२० च्या दशकात बर्टन गावच्या ऑलसॉप यांनी या व्यापारात उडी घेतली. तेथील जिप्समयुक्त पाण्यामुळे हॉपच्या फुलांचा कडवटपणा अधिक स्वच्छ उतरला. समुद्रप्रवासात टिकावी म्हणून ही बिअर मुद्दाम कडक केली, ही बारमधून सांगितली जाणारी कथा मात्र खरी नव्हे. हॉप अधिक घालीत, हे खरे. पण ताकद सहा-साडेसहा टक्क्यांच्या आसपास असे व त्या काळच्या इंग्लंडात याहून कडक बिअर पुष्कळ होत्या. काळी पोर्टरही हाच प्रवास करून गोऱ्या शिपायांपर्यंत सुखरूप पोहोचत होती. नावात इंडिया असली, तरी ती पेय होते कंपनीच्या साहेबांचे.

दुसरा प्रकार डबल आयपीए. १९९४ साली कॅलिफोर्नियात व्हिनी सिलुर्झो यांनी हॉपचे प्रमाण जवळजवळ दुप्पट करून ती काढली. हिची ताकद साडेसात ते दहा टक्के. अंग कोरडे, संत्र्याच्या सालीचा वा राळेचा वास. कडवटपणा इतका, की पिणारा आपोआप सावकाश पितो. तिसरी बार्ली वाइन. हिच्यात द्राक्षाचा मागमूस नाही. ही इंग्लंडची. जवाच्या माल्टचा जाड गोडवा हिचा प्राण, आणि बाटलीत वर्षानुवर्षे मुरते. पूर्वी ती गडद असे. शेफील्डच्या टेनंट ब्रुअरीने १९५१ मध्ये सोनेरी बार्ली वाइन आणली. जिभेवर पडताच ती आपली ताकद सांगते.

खरी लबाड ती चौथी, बेल्जमची. वेस्टमाल येथील मठातील ट्रिपेल साडेनऊ टक्क्यांची, तर मोर्टगाट ब्रुअरीची डुवेल साडेआठ टक्क्यांची. डुवेल म्हणजे सैतान. नाव ठेवणाऱ्याला माल ठाऊक होता, असेच म्हणावे लागेल. यात साखर घालतात, ती गोडीसाठी नव्हे. यीस्ट ती साखर पूर्ण खाऊन टाकते. मद्यार्क वाढतो, पण अंग हलके राहते. त्यावर यीस्टचा लवंग-मिऱ्याचा वास आणि भरपूर फेस. तहानलेला माणूस ती सरबतासारखी पितो. ३३० मिलिलिटर ट्रिपेलमध्ये ३१ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो, साध्या पाच टक्क्यांच्या बिअरमध्ये साडेसोळा. व्हिस्कीच्या साठ मिलिलिटरच्या मोठ्या पेगातही तो सव्वीसच्या पुढे जात नाही.

म्हणजे टक्केवारी एकच असली, तरी एक बिअर पिणाऱ्याला थांबविते आणि दुसरी पुढे ढकलते. ‘स्ट्राँग’ या शब्दाने हा भेद कळत नाही, केवळ आकड्यानेही कळत नाही. बाटलीवर आकडा तरी छापलेला असतो. नळावरून पेल्यात ओतलेल्या बिअरच्या बाबतीत कित्येक ठिकाणी फळ्यावर एखादे गमतीदार नाव व किंमत यापलीकडे काही नसते. ब्रुअरीवाल्यांना आपल्या कारागिरीचा अभिमान असेल, तर जात लिहायला त्यांची हरकत नसावी. अबकारी खात्याने बिअरची जात, तिची टक्केवारी व पेल्याचे माप या तीन गोष्टी फळ्यावर मराठी, कोंकणी व इंग्रजीत लिहिणे सक्तीचे करावे. खर्च खडूचा. रात्री मांडवीच्या पुलावरून दुचाकीने घरी निघणाऱ्याला आपण दोन पेले घेतले की चार, हे गाडीला किल्ली लावण्यापूर्वी कळलेले बरे.