आमच्या घरातला 'नाना'

आमच्या घरात नाना नावाचं कुणी नाही. तरी २००८ पासून आम्ही या नानाला शिव्या घालतोय.

हे एका शिक्क्याचं नाव आहे. इंग्रजीत चार अक्षरं, एन-ए-एन-ए. अर्थ असा की, जवानाला जडलेला आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. फौजेतून निवृत्त होताना मेडिकल बोर्ड बसतं आणि प्रत्येक आजारापुढे दोन गोष्टी लिहितं. अपंगत्व किती टक्के, आणि त्याचा सेवेशी संबंध आहे की नाही. माझ्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या कागदावर दोन ओळी आहेत. ब्लडप्रेशर: ३० टक्के, आयुष्यभरासाठी, पण नाना. कान: सेवेमुळेच, पण २० टक्क्यांच्या खाली. अपंगत्वाची पेन्शन मिळायला किमान २० टक्के लागतात. म्हणजे जिथे टक्के आहेत तिथे संबंध नाही आणि जिथे संबंध आहे तिथे टक्के नाहीत. अप्पांनी कागदाची घडी घातली, ट्रंकेत ठेवली आणि सोलापूरला परत आले.

अप्पा तोफखान्यात होते. १९९९च्या उन्हाळ्यात द्रासला. त्या लढाईत आपल्या तोफखान्यानं अडीच लाखांहून जास्त गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागली. दर २६ जुलैला हा आकडा तुमच्या-माझ्या फोनवर फिरतो, मागे गाणं असतं, आपण स्टेटसला ठेवतो. पण त्यातला प्रत्येक गोळा कुणीतरी उचललाय, कुणीतरी तोफेत भरलाय आणि तो सुटताना कुणीतरी दोन हातांवर उभं राहिलंय. अप्पा म्हणतात, "कानात रातकिडा बसलाय. दिवसाबी ओरडतोय." आमच्या घरी टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. आई त्यांच्याशी हळू आवाजात शेवटचं कधी बोलली, ते तिलाही आठवत नाही.

ब्लडप्रेशर सापडलं २००५ मध्ये, एका शांत ठिकाणी पोस्टिंग असताना. बोर्डानं हेच धरलं. आजार 'पीस स्टेशन'वर सुरू झाला, सबब सेवेशी संबंध नाही. मला हा युक्तिवाद आजही पचत नाही. मशीन लावल्यावर ज्या दिवशी आकडा दिसला, तोच आजाराचा जन्मदिवस कसा? त्याआधीची बर्फातली वर्षं, अर्धवट झोप, घरून तीन-तीन आठवडे न येणारं पत्र, हे सगळं शरीरात कुठेच जमा झालं नसेल? पोस्टिंग बदलली की माणसाचं रक्तही बदलतं का?

हा प्रश्न मी एकटा विचारत नाही. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच स्पष्ट सांगितलं. भरतीच्या वेळी जवानाच्या आजाराची नोंद नसेल, तर तो तेव्हा धडधाकट होता असं मानायचं. नंतर आजार झाला, तर तो सेवेमुळे झाला असंच धरून चालायचं. तसं नाही म्हणायचं असेल, तर ते सरकारनं सिद्ध करावं. सरळ आहे. भरतीला तुम्ही छाती मोजता, डोळे तपासता, कान तपासता, जराशी खोट निघाली तरी पोराला घरी पाठवता. इतकं पारखून घेतलेलं शरीर वीस वर्षांनी बिघडून परत आलं, तर उत्तर कुणी द्यायचं?

पण निकाल लागला म्हणून खिडकीवरचा कारकून बदलत नाही. प्रत्येकानं आपापला खटला वेगळा लढायचा. सोलापूरच्या माणसानं मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात जायचं, ४०० किलोमीटर. वकील, तारीख, पुन्हा तारीख. तिथे जिंकलात, तरी सरकार वर अपील करू शकतं, आणि करतंही. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली. आपल्याच सैनिकांविरुद्धचे हे खटले कमी करा, असं त्या समितीनं सांगितलं. त्यानंतर दहा वर्षांनी, २०२५ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयात केंद्राच्या सुमारे ३०० याचिका एका निकालात फेटाळल्या गेल्या. विषय हाच, जवानांना मिळालेली अपंगत्व पेन्शन. पेन्शन द्यायला पैसे नाहीत, वकिलाला द्यायला मात्र आहेत.

पेन्शन राहू द्या, निदान उपचार? त्यासाठी 'ईसीएचएस' आहे, १ एप्रिल २००३ला सुरू झालेली माजी सैनिकांची आरोग्य योजना. तिच्या नावातच 'काँट्रिब्युटरी' हा शब्द आहे. म्हणजे ही खिरापत नव्हे, जवानाकडून वर्गणी कापून घेतलेली आहे. कागदावर योजना चांगली आहे. आधी पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल, मग यादीवरच्या खासगी हॉस्पिटलात कॅशलेस उपचार. अडतं ते पुढे. सरकारकडून बिलं वेळेवर सुटत नाहीत, मग हॉस्पिटलं हात आखडता घेतात. एकदा अप्पांच्या छातीत दुखायला लागलं. रेफरल घेऊन पुण्यातल्या एका हॉस्पिटलात गेलो, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सध्या ईसीएचएस बंद आहे, कॅश भरणार का?" तिचा दोष नव्हता. अप्पांना ऐकूच आलं नाही. ते हसून मान हलवत होते. मला त्यांच्या कानात ओरडून सांगावं लागलं, "अप्पा, पैसे मागतायत." आख्ख्या हॉलनं मागे वळून बघितलं.

आम्ही गेलो होतो हुतात्मा एक्स्प्रेसनं. सोलापूरकरांना या गाडीचं नाव वेगळं सांगायला नको. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ला पुण्याच्या येरवडा तुरुंगात फासावर गेलेली आमची चार माणसं. चार पुतळ्यापाशी आजही हार पडतात, पडायलाच हवेत. पण त्या दिवशी परतीच्या गाडीत एक विचार डोक्यातून गेला नाही. मेलेल्याच्या नावाची गाडी आपण वर्षानुवर्षं चालवतो, जगून परत आलेल्याला मात्र सांगतो, तुझं बीपी तुझं तू बघ.

आता समोरची बाजू. लोक म्हणतात, पेन्शन वाढावी म्हणून जाता जाता आजार दाखवणारे असतात. असतात ना. अपंगत्व पेन्शन घेऊन निवृत्त होणाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांमध्ये कितीतरी जास्त आहे, हे 'कॅग'नंच २०२३च्या अहवालात दाखवलं. मग तपास तिथून सुरू करा. त्याऐवजी त्याच वर्षी नियम कडक झाले ते सगळ्यांसाठी. नोकरी पुरी करून निवृत्त होणाऱ्याच्या कागदावरून 'अपंगत्व' हा शब्दच गेला, 'इम्पेअरमेंट रिलीफ' आला. वरच्या मजल्यावर चोरी झाली आणि कुलूप बसलं तळमजल्याच्या दाराला.

तुम्ही म्हणाल, ही जुन्या फौजींची रड आहे, आपला काय संबंध? पहाटे सोलापुरातल्या कुठल्याही मैदानावर जा. बार्शी, माढा, मंगळवेढ्याकडून आलेली पोरं सोळाशे मीटर पळत असतात. माझा मावसभाऊ त्यातलाच. त्याला व्हायचंय अग्निवीर. चार वर्षं सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जण कायम, बाकीचे घरी. घरी आलेल्याला माजी सैनिकाचा दर्जा नाही, पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. सेवेत असताना अपंगत्व आलं तर टक्केवारीप्रमाणे एकरकमी १५, २५ किंवा ४४ लाख. तेही आजाराचा सेवेशी संबंध असल्याचं बोर्डानं मान्य केलं तरच. म्हणजे नाना तिथेही बसलेला आहेच.

अप्पांचं बीपी कारगिलनंतर सहा वर्षांनी सापडलं. ते तेव्हा नोकरीत होते, म्हणून निदान कागदावर तरी आलं. तेविसाव्या वर्षी घरी आलेल्या अग्निवीराचा कान पस्तिसाव्या वर्षी गेला, तर तो कुठल्या बोर्डापुढे उभा राहणार? त्याला तर 'नाना'सुद्धा कुणी लिहून देणार नाही.

मागणं फार नाही. २०१३चा निकाल आहे, तो खिडकीवरच पाळा, जवानाला मुंबई-दिल्लीला पळवू नका. हॉस्पिटलांची बिलं वेळेत भरा. आणि चार वर्षं वापरलेल्या शरीराची तपासणी आणि उपचार आयुष्यभर तुमच्या खर्चानं करा, कारण मैदानावर पारखून ते तुम्हीच घेतलं होतं.

मावसभावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दादा, कान गेला तरी चालतंय की, नोकरी तर लागंल." अप्पा शेजारीच बसले होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणतोय रे तो?"

मी दुसऱ्यांदा ओरडून सांगितलं नाही.