शेजारच्या घरचा नैवेद्य



दशलक्षण पर्व जवळ आलं की आमच्या महिला मंडळात एक प्रश्न हमखास निघतो. शेजारून गणपतीचा प्रसाद आला तर घ्यायचा का? परवा एकजण म्हणाली, "एरवी त्यांच्याकडे मटण शिजतं. एका दिवसाच्या शुद्ध नैवेद्याला काय अर्थ?"

मला हे पटलं नाही, म्हणून लिहिते आहे.

नैवेद्याचा स्वयंपाक आंघोळ करून करायचा. त्यात कांदा-लसूण नाही. आणि देवाला दाखवण्याआधी चाखायचंही नाही. आमटीत मीठ बरोबर पडलं का, हे पानावर बसल्यावरच कळणार! आयुष्यभर रांधणाऱ्या बाईला विचारा, हे किती अवघड आहे. मोदकांभोवती घुटमळणाऱ्या मुलांनाही "आधी देवाला" म्हणून थांबवायचं. आपण सहाव्या दिवशी उत्तम संयम धर्माची पूजा करतो, तो याहून वेगळा काय असतो?

सगळ्यांचा नैवेद्य शाकाहारीच असतो असंही नाही. काही घरांत गौरीच्या सणाला तिखटाचा नैवेद्य असतो, काही कुलदैवतांना बोकड लागतो. ते मला कधीच पटणार नाही. पण जे स्वतः मांसाहारी असूनही देवापुढे फक्त पुरणपोळी आणि मोदक ठेवतात, ते स्वतःच्या आवडीचं बाजूला ठेवतात. आपण जन्मानेच शाकाहारी. आपल्याला त्यासाठी काय सोडावं लागलं?

आपलं पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होतं. त्याच दिवशी त्यांची ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असा त्यांचा नेम. त्या भाजीतलं सुरण आणि अळकुड्या आपल्याला चालत नाहीत, पण त्यामागची भावना परकी वाटते का?

एक फरक मात्र खरा आहे. अष्टद्रव्यातलं नैवेद्य आपण भुकेचा रोग संपावा म्हणून अर्पण करतो. ते निर्माल्य, परत घ्यायचं नाही. मी कॉमर्सची, त्यामुळे माझ्या भाषेत सांगायचं तर आपल्याकडे ते खर्ची पडतं, आणि त्यांच्याकडे प्रसाद होऊन पुन्हा जमा होतं, तेही दहा घरांत वाटण्यासाठी. म्हणून आपण नाही म्हटलं की त्यांना लागतं.

हे मी अनुभवातून सांगते. पूर्वी शेजारच्या वहिनी रात्रीच्या आरतीनंतर मोदक आणून द्यायच्या. मी हसून ताट घ्यायची आणि सकाळी कामवाल्या बाईला देऊन टाकायची. एकदा ते त्यांनी दारातून पाहिलं. काही बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी त्या चार वाजताच आल्या. "ताई, दिवस मावळायच्या आत आणलंय. भाजीत बटाटा नाही घातला. भांडीही नैवेद्याचीच वेगळी आहेत."

माझं एकासन झालेलं होतं. या वेळी मी खरं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग उद्या किती वाजता जेवणार?" दुसऱ्या दिवशी अकराला त्या गरम मोदक घेऊन दारात उभ्या! मी त्यांच्यासमोर बसून खाल्ले.

दुसऱ्या देवाचा प्रसाद घ्यायचा नाही, असा ज्यांचा नियम आहे त्यांनी तो जरूर पाळावा. पण हात जोडून, स्पष्ट सांगून. माझ्यासारखं ताट घेऊन मागच्या दाराने देऊन टाकू नये. आणि समोरच्या बाईने वर्षभर काय शिजवलं याचा हिशोब तिच्या नैवेद्याच्या ताटावर मांडू नये. आपला नियम आपल्या जिभेसाठी आहे, तिला मोजण्यासाठी नाही.

त्या वर्षी पर्व संपल्यावर क्षमावाणीला मी सगळ्यात आधी त्यांच्याच घरी गेले. "कशाबद्दल क्षमा?" त्यांनी विचारलं. मी मागच्या वर्षीच्या ताटाबद्दल सांगितलं.

"अहो, ते मी केव्हाच विसरले," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.