मामल्लपुरममधील युक्रेनचे सुवर्ण : आपण न वाचलेला निकाल

चेन्नईजवळच्या मामल्लपुरममध्ये ९ ऑगस्ट २०२२ रोजी ४४ व्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडची अकरावी आणि अखेरची फेरी संपली, तेव्हा महिला गटाचे सुवर्णपदक युक्रेनकडे गेले होते. भारतात ती तारीख आजही वेगळ्याच कारणाने आठवली जाते. आदल्या फेरीपर्यंत एका गुणाने आघाडीवर असलेला भारताचा ‘अ’ संघ अमेरिकेकडून १-३ असा पराभूत झाला आणि त्याला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. महिला ऑलिम्पियाडमधील भारताचे ते पहिलेच पदक होते. तरीही चर्चा हुकलेल्या सुवर्णाची झाली. ते सुवर्ण कोणाला मिळाले आणि कोणत्या परिस्थितीत मिळाले, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

खरे तर ही स्पर्धा रशियात व्हायची होती. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसल्यानंतर आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने, म्हणजेच फिडेने, यजमानपद काढून घेतले आणि मार्चमध्ये ते चेन्नईला दिले. रशिया व बेलारूसचे संघ बाद झाले. अवघ्या चार महिन्यांत तमिळनाडूने केलेली तयारी वाखाणली गेली. मात्र ज्या युद्धामुळे ही संधी भारताकडे चालून आली, त्या युद्धातून आलेल्या पाच महिला त्याच सभागृहात पटावर बसल्या होत्या.

मारिया मुझिचुक, अ‍ॅना मुझिचुक, अ‍ॅना उशेनिना, नतालिया बुक्सा आणि युलिया ओस्माक हा तो संघ. त्यांनी आठव्या फेरीत भारताला २-२ असे रोखले आणि शेवटच्या फेरीत पोलंडला ३-१ ने हरवले. जॉर्जियाचेही १८ गुण झाले होते. सरस टायब्रेकमुळे युक्रेन पहिला ठरला. या विजयाला देशभक्तीचा चमत्कार म्हणणे सोपे आहे, पण अचूक नाही. उशेनिना २००६ साली तुरिनमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या युक्रेनच्या संघातही होती. रशियाच्या तोफांनी पहिल्या आठवड्यांपासून भाजून काढलेले खारकीव हे तिचे गाव. २०१२ मध्ये ती जगज्जेती झाली. तुरिनमधील तिची सहकारी कातेरिना लाग्नो २०१४ पासून रशियाकडून खेळते. मारिया मुझिचुकने २०१५ मध्ये जगज्जेतेपद मिळवले तेही रशियातील सोची येथे, आणि त्या वाटेवर उपांत्यपूर्व फेरीत कोनेरू हंपीला व उपांत्य फेरीत द्रोणवल्ली हरिकाला नमवून.

अ‍ॅना आणि मारिया या ल्विव प्रांतातील स्ट्री गावच्या सख्ख्या बहिणी. आईवडील दोघेही बुद्धिबळाचे प्रशिक्षक. मराठी वाचकाला हे चित्र अनोळखी वाटू नये. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये बेंगळुरूत झाली ती वासंती खाडिलकर यांनी जिंकली आणि त्यानंतरचे दशक वासंती, जयश्री व रोहिणी या तिघी बहिणींनी गाजवले. एका घरातून खेळाडू घडू शकतात. फरक पुढे पडतो. ल्विवमध्ये विक्टर कार्ट यांच्यासारख्या प्रशिक्षकाच्या हाताखाली पिढ्यान्‌पिढ्या ग्रँडमास्टर तयार झाले. घराच्या पलीकडे शाळा होती, शहर होते. मुंबईत त्या काळी तसे काही नव्हते.

आणखी एक साम्य पदकतालिकेत दिसत नाही. २०१६ मध्ये दोहा येथे जलद आणि अतिजलद अशी दोन्ही विश्वविजेतेपदे जिंकलेल्या अ‍ॅना मुझिचुकने पुढच्या वर्षी सौदी अरेबियात जाण्यास नकार दिला. तेथील स्त्रियांवरील निर्बंध मान्य नसल्याने तिने दोन्ही किताब सोडून दिले. २०१८ मध्ये पुण्याच्या सौम्या स्वामिनाथनने इराणमधील आशियाई सांघिक स्पर्धेतून माघार घेतली, कारण तेथे डोक्यावर वस्त्र घेणे सक्तीचे होते. चार वर्षांनी मामल्लपुरममध्ये या दोघीही खेळत होत्या. सौम्या भारताच्या ‘ब’ संघात होती.

पटाबाहेरचा निकाल मात्र युक्रेनच्या विरोधात गेला. ७ ऑगस्ट रोजी, म्हणजे सुवर्णपदकाच्या दोनच दिवस आधी, फिडेच्या अध्यक्षपदाची निवडणूक तेथेच झाली. रशियाचे माजी उपपंतप्रधान अर्कादी द्वोर्कोविच यांनी युक्रेनचे ग्रँडमास्टर आंद्री बारिशपोलेत्स यांचा १५७ विरुद्ध १६ मतांनी पराभव केला. द्वोर्कोविच यांच्यासोबत उपाध्यक्ष म्हणून निवडून आले ते विश्वनाथन आनंद. भारतात ही बातमी आनंदच्या सन्मानाची म्हणून छापली गेली, आणि ती तशी होतीही. परंतु ज्या देशाचा संघ युद्धामुळे बाहेर ठेवला, त्याच देशाच्या माजी मंत्र्याला जगातील बहुसंख्य संघटनांनी नेतृत्व दिले, ही विसंगती नोंदवायला हवी होती. खेळाडूंबद्दल सहानुभूती होती; सत्तेचे गणित वेगळे होते.

युक्रेनची कामगिरी बुद्धिबळापुरती नाही. निप्रोच्या यारोस्लावा माहुचिखने मार्च २०२२ मध्ये तीन दिवस मोटारीने प्रवास करून बेलग्रेड गाठले आणि उंच उडीत जागतिक इनडोअर सुवर्ण जिंकले. जुलै २०२४ मध्ये २.१० मीटर उडी घेऊन तिने स्तेफ्का कोस्तादिनोवाचा १९८७ पासूनचा विश्वविक्रम मोडला. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये युक्रेनने ३ सुवर्णांसह १२ पदके मिळवली. भारताची पदके ६, सुवर्ण एकही नाही. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या क्रीडाशाळांची ही पुण्याई आहे. युद्ध आजच्या विजेत्यांना लगेच पुसून टाकत नाही, कारण ते आधीच घडलेले असतात. घाव बसतो तो आज दहा वर्षांच्या असलेल्या आणि शाळेऐवजी तळघरात किंवा परदेशी निर्वासित छावणीत वाढणाऱ्या मुलांवर.

मामल्लपुरममधील दोन संघांच्या वयांकडे या नजरेने पाहावे. उशेनिना तेव्हा ३६ वर्षांची होती, अ‍ॅना ३२ वर्षांची. भारताच्या ‘अ’ संघात अखेरच्या फेरीचा भार वाहणाऱ्यांत गोव्याची भक्ती कुलकर्णी होती, तर ‘ब’ संघात नागपूरची सोळा वर्षांची दिव्या देशमुख. पुण्याचे अभिजित कुंटे ‘अ’ संघाचे मार्गदर्शक होते. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये त्याच कुंटे यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय महिलांनी सुवर्ण जिंकले. तिसऱ्या पटावरचे वैयक्तिक सुवर्ण दिव्याला मिळाले, आणि जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकून ती ग्रँडमास्टर झाली. बुडापेस्टमध्ये रौप्य कझाकस्तानला आणि कांस्य अमेरिकेला गेले. दोन वर्षांपूर्वीचा विजेता युक्रेन पदकांच्या यादीत नव्हता.