व्हर्जन १.० चं स्टेशन

म्युझियम म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या लोकांना जांभई येते. काचेची कपाटं, 'हात लावू नये'च्या पाट्या आणि बाहेर चौथऱ्यावर रंगवून ठेवलेलं एक इंजिन. पण अमेरिकेत बाल्टिमोरपासून १३ मैलांवर एलिकॉट सिटी नावाचं छोटं गाव आहे. तिथलं जुनं रेल्वे स्टेशन आता म्युझियम आहे. ते पाहिलं आणि वाटलं, जपायचं तर असं.

दगडी बांधणीचं हे स्टेशन १८३० च्या सुमाराचं. आज उभ्या असलेल्या अमेरिकन स्टेशनांत सर्वांत जुनं. न्यूयॉर्ककडे ईरी कालवा, आपला धंदा बुडणार, या धास्तीने बाल्टिमोरच्या व्यापाऱ्यांनी 'बाल्टिमोर अँड ओहायो' रेल्वे काढली. तिचा पहिला टप्पा मे १८३० मध्ये इथवर आला. कुठे जायचं ते पक्कं होतं: पश्चिमेला, ओहायो नदीकडे. कसं जायचं ते मात्र कुणालाच धड ठाऊक नव्हतं.

मला आवडलं ते नेमकं हेच. पहिल्या गाड्या चक्क घोडे ओढायचे! त्याच वर्षी पीटर कूपरने 'टॉम थंब' हे छोटं वाफेचं इंजिन या मार्गावर चालवून दाखवलं. घोड्याशी शर्यत लागली, इंजिनाचा पट्टा निसटला आणि घोडा जिंकला, अशी गोष्ट सांगतात. (डेमोच्या दिवशीच सर्व्हर बसतो, ही परंपरा किती जुनी आहे पहा.) काम कायमचं व्हावं म्हणून काही भागात रुळांखाली ग्रॅनाइटच्या लांब शिळा घातल्या. ते महाग पडलं, शिवाय फार कडक झालं. शेवटी लाकूडच बरं ठरलं. आणि स्टेशन मुळात मालासाठी. उतारूंची सोय मागाहून!

आता आपलं बघा. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, साहिब-सिंध-सुलतान, २१ तोफांची सलामी... सगळं तोंडपाठ. पण त्या ३४ किलोमीटरवर काय अडलं, काय बदलावं लागलं? शाळेत कुणी सांगितलं नाही, आपणही विचारलं नाही. आपण समारंभ लक्षात ठेवतो, काम विसरतो.

"भावनेपायी एवढा खर्च कशाला?" असं एक मित्र म्हणाला. प्रश्न चुकीचा नाही. हे गाव नदीकाठी उतारावर आहे. ३० जुलै २०१६ आणि २७ मे २०१८ च्या पुरांत मुख्य रस्त्याची नदी झाली, माणसं गेली. पाण्याला वाट द्यायला काही जुन्या इमारती पाडाव्यात का, यावर गावात मोठा वाद झाला. माझ्या मते जिवापुढे कुठलीही भिंत मोठी नाही. सगळं जपता येत नाही, म्हणूनच निवड करावी लागते. आणि जी वास्तू पाहून एखादं काम कसं घडत गेलं ते कळतं, तिचा नंबर वरचा.

असो. तुमच्या गावचं जुनं स्टेशन पाडून नवं होणार असेल, तर फक्त दर्शनी भिंतीसाठी भांडू नका. केबिनमधले लिव्हर, जुने नकाशे, मालाच्या नोंदवह्या भंगारात जाण्याआधी वाचवा. आणि गावात कुणी निवृत्त स्टेशन मास्तर असतील, तर एखाद्या रविवारी त्यांच्याकडे चहाला जा. वही घेऊन!