जुन्या लॅपटॉपसाठी घराचं कुलूप बदलू नका

बदलीच्या गावी सामान उघडलं की आधी गॅस आणि मग वायफाय, असा आता बहुतेक फौजी घरांचा क्रम झाला आहे. रायपूरला भनपुरीत भाड्याच्या घरात आम्हीही तेच केलं. माझा लॅपटॉप विंडोजचा, मुलीचा उबंटूचा, सौ.चा मॅक आणि बाबांचा एक्सपीच्या जमान्यातला. तीन जोडले गेले, बाबांचा अडला. जोडणीला आलेला मुलगा म्हणाला, "सर, सिक्युरिटी डब्ल्यूईपी कर देते हैं, सब चल जाएगा."

हा सल्ला घरोघरी दिला जातो आणि माझ्या मते तो धुडकावायलाच हवा.

यंत्रं वेगवेगळ्या जातीची असणं ही खरी अडचण नाही. एनडीएत प्रत्येक कॅडेट वेगळ्या प्रांतातून येतो, पण ड्रिलचा हुकूम सगळ्यांना एकच कळतो. वायफायचंही तसंच. फाइली वाटून घ्यायची विंडोजची पद्धत लिनक्सलाही येते; त्यामागचं काम ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेलने 1992 च्या सुमारास सुरू केलं. त्यातून सांबा उभं राहिलं. मॅकलाही ही पद्धत येते.

अडचण आहे वयाची. डब्ल्यूईपीचं कुलूप कसं फोडायचं हे 2001 मध्येच जाहीर झालं. डब्ल्यूपीए2 आलं 2004 मध्ये. एका जुन्या यंत्रासाठी राउटर डब्ल्यूईपीवर नेला, तर घरातली सगळी यंत्रं त्याच मोडक्या कुलपाआड जातात. शिवाय नव्या यंत्रांचा वेगही 54 एमबीपीएसच्या जुन्या मर्यादेत अडकतो.

यात काय बिघडतं? 26 जुलै 2008 ला अहमदाबादच्या स्फोटांआधी काही मिनिटं धमकीचा ईमेल गेला. त्याचा माग नवी मुंबईतल्या एका घरापर्यंत लागला. तिथलं वायफाय उघडं होतं. पोलीस आधी त्या घराच्या दारात गेले. जोडणी ज्याच्या नावावर, पहिला जाब त्यालाच.

आम्ही डब्ल्यूपीए2 आणि एईएस ठेवलं, लांब पासवर्ड दिला, राउटरचा मूळचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदलला आणि पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क केलं. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने 2014 मध्येच वाऱ्यावर सोडलं. म्हणून बाबांचा लॅपटॉप इंटरनेटविना, केबलने थेट प्रिंटरला जोडला. पेन्शनचं 'स्पर्श'चं काम ते आता माझ्या लॅपटॉपवर करतात. दोन दिवस कुरकुरले, मग सवय झाली.

ताफा सर्वांत हळू गाडीच्या वेगाने चालतो, हे आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवलं जातं. वेगाच्या बाबतीत ते बरोबरच आहे. पहाऱ्याच्या बाबतीत मात्र सर्वांत कच्च्या जवानावरून कोणी मोर्चा आखत नाही. निवृत्त मित्रांनो, आज राउटरची सेटिंग उघडा आणि सिक्युरिटीपुढे काय लिहिलंय ते बघा. डब्ल्यूईपी किंवा 'ओपन' दिसलं, तर उद्यावर टाकू नका.