लग्नाचे फोटो : रोलवर की डिजिटल?

मैत्रिणींनो, तुळशीचं लग्न लागलं की आपल्या घरांतून कार्यालय, आचारी, पत्रिका यांची धांदल सुरू होते. हल्ली त्यात मुलांची एक नवी मागणी असते, "आई, डिजिटलबरोबर थोडे फोटो रोलवरही हवेत." तुम्ही म्हणाल, हे जुनं खूळ पुन्हा कुठून आलं? पण हसू नका. त्यात शहाणपणही आहे.

माझं लग्न १९८१ सालचं, सांगलीतलं. बारा-बारा फोटोंचे तीन रोल, म्हणजे अवघे छत्तीस फोटो! ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माहेरच्या घरात पाणी शिरलं आणि अल्बमचा लगदा झाला. आई तर त्याआधीच गेलेली. पण अण्णांनी तेव्हा हट्टानं निगेटिव्ह मागून घेऊन बिस्किटांच्या डब्यात माळ्यावर ठेवल्या होत्या. त्यावरून पुन्हा फोटो करून घेतले. पाठवणीच्या वेळी डोळ्यांना पदर लावलेली आई मला परत मिळाली.

उलट माझ्या भाचीचं लग्न २०१६ सालचं. हजारो डिजिटल फोटो, पण सगळे फोटोग्राफरच्या एकाच हार्ड डिस्कवर. अल्बम व्हायच्या आधीच ती डिस्क बंद पडली. त्यानं पैसे परत दिले हो, पण सप्तपदी कशी परत देणार?

म्हणून रोलच बरा, असं मात्र समजू नका. रोलवरचा फोटो तिथल्या तिथे दिसत नाही. रोल नीट चढला नाही किंवा धुताना बिघडला, तर सगळंच गेलं. अंतरपाट दूर होतो तो क्षण एकदाच येतो. तो डिजिटलवर हवाच. देवक, गौरीहर, सूनमुख, आजी-आजोबांसह घरची मंडळी, असे सावकाशीचे प्रसंग रोलवर घ्यावेत.

फोटोग्राफर ठरवताना एवढं जरूर विचारा :

१. निवडक फोटो पाहून भुलू नका. एकाच लग्नाचे सुरुवातीपासून शेवटपर्यंतचे रोलवरचे फोटो मागा. कार्यालयातल्या कमी उजेडातले आणि होमाच्या धुरातले कसे आलेत, ते बघा. लाल-पिवळ्या मांडवाची झाक चेहऱ्यांवर पडते. तिथे रंगीतपेक्षा काळा-पांढरा रोल बरा.

२. रोल किती? नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या रोलवर ३६ फोटो निघतात. रोल, धुलाई आणि स्कॅनिंग ठरलेल्या पैशांत धरलंय की वेगळं, हे आधीच स्पष्ट करा. नाहीतर बिल पाहून घेरी यायची!

३. डिजिटल कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरतात का? त्याच रात्री दुसरी प्रत निघते का? माझ्या भाचीसाठी हे कुणी विचारलं नव्हतं.

४. मुहूर्ताला तो स्वतः येणार की माणूस पाठवणार? दोन्ही कॅमेरे एकच जण सांभाळणार असेल, तर ऐन मंगलाष्टकांत रोल बदलत बसेल. जोडीला मदतनीस हवाच.

५. निगेटिव्ह आपल्याला मिळतील, हे कागदावर घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला हक्क आपलाच असतो. मात्र उलट करार नसेल तर! म्हणून सही करण्याआधी बारीक अक्षरं वाचा. अल्बम केव्हा मिळणार ती तारीख घाला आणि थोडे पैसे तोवर हातचे राखा.

लग्नाच्या दिवशी घरातली एखादी चुणचुणीत मुलगी फोटोग्राफरजवळ ठेवा. आत्या कोण, मामी कोण, हे त्याला कसं कळणार? त्याच्या ताटाचीही आठवण ठेवा हं!

आणि नंतर? निगेटिव्हची पट्टी बोटांनी धरू नका, कडेनं धरा. कोरड्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवा. पावसाळा संपला की डबा उघडून बुरशी आली नाही ना, ते बघा. डिजिटल फोटोंच्या दोन प्रती करा. एक सासरी, एक माहेरी. पुराचं पाणी दोन्ही घरांत एकदम शिरत नाही.

अल्बम पाहुण्यांसाठी असतो. तो डबा मात्र लेकीसाठी जपायचा.