हाफ तिकीट काढलं, मुक्कामाचं काय?

‘‘वहिनी, मुंबईत येऊन तुम्ही बाहेर उतरणार? लोक काय म्हणतील आम्हाला?’’ डोंबिवलीच्या नणंदेचा फोन. रागापेक्षा वाईट वाटल्याचा सूर जास्त. तिची समजूत घातली खरी, पण फोन ठेवल्यावर माझंच मन मला खाऊ लागलं. भिशीतल्या आम्ही चौघीजणी कराडहून तीन दिवस मुंबईला निघालो होतो. कुणाचं लग्न नाही, बारसं नाही, कुणाचं ऑपरेशन नाही. नुसती मुंबई बघायला. आणि उतरायचं कुठे, तर हॉस्टेलवर!

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आमच्यासारख्यांचे पाय घराबाहेर पडू लागले. पण तिकीट अर्धं झालं तरी मुक्कामाचा प्रश्न अख्खाच राहिला. मग काय, नातेवाईकांचं घर! नणंदेची जागा दोन खोल्यांची. ती पहाटे पाचला उठून डबे करते आणि सकाळची लोकल गाठते. तिच्या घरी आपण जाऊन बसायचं, तर हात बांधून थोडंच बसवतं? मागच्या खेपेला चार दिवस राहिले, तर पोळ्या लाटल्या, गहू निवडले, माळा आवरला. गेट वे ऑफ इंडिया मात्र राहूनच गेलं. नवरा कामासाठी मुंबईला गेला की लॉजवर उतरतो, त्याला कुणी काही म्हणत नाही. बाईने स्वतःसाठी एक कॉट भाड्याने घेतली की ती उधळपट्टी!

खरं तर वाटसरूला कमी पैशात निवारा देणं आपल्याकडे नवं नाही. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिकला गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. देवाला आणि दवाखान्याला निघालेल्या बाईची सोय समाजाने बघितली. सहज फिरायला निघालेल्या बाईची सोय बघायची राहिली, एवढंच.

तर हॉस्टेल म्हणजे काय, हे आधी सांगते. इथे खोली नाही, कॉट भाड्याने घ्यायची. एका खोलीत चार, सहा, आठ कॉट, एकावर एक. बाथरूम सामायिक. पहिल्या खेपेला आम्ही काय केलं, तर भाचीला सांगून मोबाइलवर सगळ्यात स्वस्त जागा शोधली. साडेसहाशे रुपयांत कॉट! अंधेरीला, ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’. ती दहा मिनिटं रिक्षाची होती, हे तिथे गेल्यावर कळलं. आम्हाला बघायचं होतं सगळं फोर्टकडचं, संध्याकाळी दादरला शिवाजी मंदिरात नाटक. नाटक सुटल्यावर लोकलने अंधेरी आणि तिथून रिक्षा शोधत अनोळखी गल्लीत शिरलो, तेव्हा साडेअकरा वाजले होते. गल्लीत दिवा नाही, खाली वॉचमन नाही. कॉटमागे वाचवलेले दोनशे-तीनशे रुपये रिक्षा-टॅक्सीतच गेले आणि घशाला कोरड पडली ती वेगळीच. दक्षिण मुंबईत रिक्षा नसतात, टॅक्सीच करावी लागते, हाही धडा तेव्हाच मिळाला.

तेव्हापासून माझं एकच मोजमाप आहे. कॉट किती रुपयांना, हे नंतर. रात्री अकरा वाजता एकटी बाई तिथे न घाबरता पोचेल का, हे आधी. दुसऱ्या खेपेला फोर्टात चालत जाता येईल अशी जागा घेतली. कॉटला नऊशे पडले, पण तीन दिवस मुंबई मनासारखी बघितली.

फोटोंवर जाऊ नका, मैत्रिणींनो. फोटोत सगळ्याच चादरी पांढऱ्या असतात. सरळ फोन लावा. फक्त बायकांची वेगळी खोली आहे का? नसेल तर मिश्र खोलीत कॉट मिळते, ते आधीच माहीत हवं. दरवाजा रात्री किती वाजता बंद होतो? संडास त्याच मजल्यावर आहे का, इंग्लिश की देशी? गरम पाणी कधी येतं? गुडघे दुखत असतील तर खालची कॉट मागून घ्या, शिडी चढणं आपल्याच्याने होत नाही. पहाटेच्या एसटीने पोचलात तर दुपारपर्यंत सामान ठेवू देतील का, तेही विचारा. आपलं कुलूप, टॉवेल आणि स्लिपर बरोबर न्या. आधारची झेरॉक्स देताना मास्क्ड आधार द्या, त्यात नंबरचे शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि इतर बायकांनी त्या जागेबद्दल काय लिहिलंय ते मुलांकडून वाचून घ्याच.

फोन लावले तेव्हा एक नवीनच गोष्ट कळली. एका ठिकाणी पोराने आधी आमचं वय विचारलं. बावन्न म्हटल्यावर म्हणाला, ‘‘सॉरी आँटी, आमच्याकडे यंगस्टर्सच घेतो.’’ दुसऱ्या एका लॉजवाल्याला ‘बरोबर जेन्ट्स कोण?’ हीच चिंता! म्हणजे तरुण नाही म्हणून हॉस्टेल नाही आणि पुरुष नाही म्हणून लॉज नाही. पन्नाशीच्या बाईने जायचं कुठे? संसारातून मोकळी होऊन ती आत्ता कुठे चार पैसे स्वतःवर खर्च करायला निघालीय. तिला कॉट नाकारणं हा धंद्याच्या हिशेबानेही शहाणपणा नाही.

रेल्वेचं एक बरं आहे. मोठ्या स्टेशनांवर रिटायरिंग रूम आणि डॉर्मिटरी असते, बारा तासांसाठीही मिळते. पण त्याला रेल्वेच्या तिकिटाचा पीएनआर लागतो. एसटीने आलेल्या बाईला त्याचा काय उपयोग? अर्ध्या तिकिटात तिला मुंबईपर्यंत आणलं, तर मुंबईतल्या मोठ्या एसटी स्टँडांवर बायकांसाठी स्वच्छ, रास्त दराची डॉर्मिटरीही द्या, असं माझं म्हणणं आहे. फुकट नको. पैसे मोजून झोपू, पण कडी लागणारं दार आणि स्वच्छ संडास द्या.

नणंदेचं काय झालं विचाराल तर सांगते. दुसऱ्या खेपेला रविवारी तिलाच फोर्टात बोलावली. दोघी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर तीन तास बसलो. ना तिला स्वयंपाकाची घाई, ना मला पोळ्या लाटायच्या. उठताना म्हणाली, ‘‘वहिनी, पुढच्या वेळी माझीही एक कॉट बुक करा. एक रात्र मीही येते.’’